दोन मॅप की तीन? ई-स्पोर्ट्सच्या सामन्यातून शिकूया संभाव्यता



मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "बाई, अडीच मॅप म्हणजे काय हो? मॅप अर्धा कसा खेळतात?" त्याच्या मामेभावाने त्याला एक मेसेज दाखवला होता. त्यात कुठल्याशा सामन्याचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'आज २.५ च्या वर, शंभर टक्के पक्कं.' असे 'पक्के' अंदाज रोज मिळावेत म्हणून दोघांनी मिळून त्या ग्रुपवाल्याला दोनशे रुपयेही दिले होते.

पहिल्यांदा मला रागच आला. मग लक्षात आलं, की या पोराने विचारलेला प्रश्न गणिताचा आहे आणि चांगला आहे. रागावून त्याला घालवलं, तर उत्तर तो त्या ग्रुपवरच शोधेल. म्हणून पुढचे दोन तास मी वर्गात हाच विषय घेतला. दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'संभाव्यता' हा पाठ आहे. त्याची पायाभरणी यातून फार छान होते. वर्गात काय केलं, ते इथे क्रमाने मांडते. तुम्हाला व्हिडिओ गेम खेळता येत नसेल तरी काही अडत नाही. मलाही येत नाही.

मॅप म्हणजे काय?

ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या स्पर्धा. आपण उदाहरण घेऊ 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाचं. यात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. खेळ गोळीबाराचा आहे, त्यामुळे वर्गात मी त्याचं चित्र किंवा व्हिडिओ काहीच दाखवत नाही. आपल्याला फक्त गुणफलक हवा.

ज्या आभासी मैदानावर सामना होतो, त्याला 'मॅप' म्हणतात. इन्फर्नो, मिराज, न्यूक, एन्शंट अशी त्यांची नावं. प्रत्येक मैदानाची रचना वेगळी. एका मॅपवर बऱ्याच छोट्या फेऱ्या होतात आणि सध्याच्या नियमानुसार जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकतो, तो मॅप त्याचा. १२-१२ अशी बरोबरी झाली, तर जादा फेऱ्या खेळवतात.

मोठ्या स्पर्धांतले महत्त्वाचे सामने सहसा एका मॅपवर ठरत नाहीत. 'बेस्ट ऑफ थ्री', म्हणजे तीनपैकी दोन मॅप जिंकणारा विजयी. हे आपल्याला बॅडमिंटनमुळे चांगलं ठाऊक आहे. २०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पी. व्ही. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा यांच्यात १९-२१, २२-२०, २०-२२ असे तीन गेम रंगले आणि सामना ११० मिनिटं चालला. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा सिंधूने २१-७, २१-७ असा दोनच गेममध्ये निकाल लावला. खेळाडू त्याच, पण एकदा तीन गेम आणि एकदा दोन. आपला प्रश्न नेमका हाच आहे. सामना दोनात संपेल की तिसरा खेळावा लागेल?

आता 'अडीच'चं कोडंही सुटतं. अडीच मॅप कोणी खेळत नाही. दोन आणि तीन यांच्या मध्ये मारलेली ती रेघ आहे. 'अडीचच्या वर' म्हणजे तीन मॅप, 'अडीचच्या खाली' म्हणजे दोन. बरोबरीला जागाच राहू नये, म्हणून पैजा घेणारे अपूर्णांक वापरतात.

वर्गातला पहिला प्रयोग: नाणं

दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत असं समजा. मग प्रत्येक मॅप म्हणजे एक नाणेफेक. मुलांच्या जोड्या केल्या आणि सांगितलं, छापा किंवा काटा यांपैकी एक बाजू दोनदा येईपर्यंत नाणं उडवा आणि किती वेळा उडवावं लागलं ते लिहा.

उडवण्याआधी मी विचारलं, "तीन वेळा उडवावं लागण्याची संभाव्यता किती?" एका हुशार मुलीने लगेच फळ्यावर नमुना अवकाश लिहून काढला:

छापा-छापा
काटा-काटा
छापा-काटा-छापा
छापा-काटा-काटा
काटा-छापा-छापा
काटा-छापा-काटा

"बाई, एकूण सहा निष्पत्ती. त्यातल्या चार तीन फेकींच्या. म्हणून चार भागिले सहा, म्हणजे दोन तृतीयांश!" अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या.

शिक्षकांनो, ही चूक जपून ठेवा. यासारखी शिकवण्याची संधी क्वचित मिळते. मी बरोबर-चूक काहीच सांगितलं नाही. "करून बघा" एवढंच म्हटलं. वीस जोड्यांनी प्रत्येकी दहा वेळा प्रयोग केला आणि सगळ्यांची बेरीज मांडली, तर तीन फेकींचं प्रमाण दोन तृतीयांशाकडे जाईना. ते निम्म्याच्या आसपासच घुटमळत राहिलं. मग मुलांनीच विचारलं, "असं का?"

कारण त्या सहा निष्पत्ती समसंभाव्य नाहीत. 'छापा-छापा' येण्याची संभाव्यता १/२ × १/२, म्हणजे १/४. 'छापा-काटा-छापा' येण्याची १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८. लहान निष्पत्ती मोठीपेक्षा दुप्पट वजनाची आहे. तीन फेकींच्या चार निष्पत्ती मिळून ४ × १/८ = १/२. दोन फेकींच्या दोन मिळून २ × १/४ = १/२. हिशोब जुळला.

याहून सोपी वाटही आहे. तिसरी फेक कधी लागते? पहिल्या दोन फेकी वेगवेगळ्या आल्या तर. दुसरी फेक पहिल्यासारखी येणार की वेगळी, हा अर्धा-अर्धा मामला. संपलं!

मुलांना इथे एक गोष्ट जरूर सांगा. अर्धवट सोडलेल्या खेळातला डाव दोन खेळाडूंत कसा वाटायचा, या प्रश्नावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहिली आणि संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्या पत्रांतून घातला गेला. फर्माची युक्ती अशी, की निकाल लागला असला तरी उरलेले डावही खेळले गेले असं कागदावर समजायचं. म्हणजे सगळ्या निष्पत्ती सारख्या लांबीच्या आणि समसंभाव्य होतात. आपल्या उदाहरणात 'छापा-छापा'चे दोन भाग पडतील: 'छापा-छापा-छापा' आणि 'छापा-छापा-काटा'. एकूण आठ समसंभाव्य निष्पत्ती आणि त्यातल्या चारांत तिसरी फेक खरोखर लागते. तिची चूक साधी नाही, असं त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला.

संघ तुल्यबळ नसतील तर?

खऱ्या सामन्यात एक संघ थोडा वरचढ असतो. वरचढ संघाची एक मॅप जिंकण्याची संभाव्यता 'अ' माना आणि दुसऱ्याची 'ब'. अर्थात अ + ब = १. तिसरा मॅप लागतो तो पहिले दोन वाटले गेले तर. म्हणजे पहिला याने आणि दुसरा त्याने जिंकला (अ × ब), किंवा उलट (ब × अ). म्हणून,

तीन मॅप होण्याची संभाव्यता = २ × अ × ब

मुलांना 'अ'च्या वेगवेगळ्या किमती देऊन तक्ता करायला सांगा:

अ = ०.५० असेल तर तीन मॅपची संभाव्यता ०.५०
अ = ०.६० असेल तर ०.४८
अ = ०.७० असेल तर ०.४२
अ = ०.८० असेल तर ०.३२
अ = ०.९० असेल तर ०.१८

या तक्त्याकडे थोडा वेळ बघत बसायला सांगा. दोन गोष्टी दिसतात.

पहिली: या हिशोबात तीन मॅपची संभाव्यता निम्म्याच्या वर कधी जातच नाही. संघ कितीही तुल्यबळ असोत. "दोघं सारखेच तगडे आहेत, म्हणजे तीन मॅप होणारच" हे वाक्य ऐकायला पटतं, पण गणितात बसत नाही. तुल्यबळ संघांत फार तर निम्मे सामने तिसऱ्या मॅपपर्यंत जातील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'अ' ०.५० वरून ०.६० झाला, म्हणजे एका संघाचं पारडं चांगलंच जड झालं, तरी उत्तर ०.५० वरून फक्त ०.४८ वर आलं. कोण जिंकणार याबद्दल आपल्याला बरंच काही माहीत असलं, तरी किती मॅप होतील याबद्दल जवळजवळ काहीच माहीत नसतं. जो 'पक्कं' म्हणतो, त्याच्याकडे अशी कोणती माहिती असेल? हा प्रश्न वर्गात मी मोकळाच सोडला.

मॅपची निवड: इथे हिशोब बदलतो

"पण बाई, सगळे मॅप सारखे नसतात ना!" खेळणारी मुलं हे लगेच सांगतात. त्यांचं बरोबर आहे. आपलं नाण्याचं प्रतिरूप इथे अपुरं पडतं.

काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत एकूण सात मॅप असतात. तीनच्या सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने निवड करतात. साधारण क्रम असा: आधी प्रत्येक संघ एकेक मॅप बाद करतो, मग प्रत्येक संघ आपल्या आवडीचा एक मॅप निवडतो, मग पुन्हा एकेक बाद. उरलेला सातवा मॅप तिसऱ्या, निर्णायक लढतीसाठी ठेवतात. म्हणजे पहिला मॅप एका संघाच्या 'घरचा', दुसरा दुसऱ्याच्या 'घरचा' आणि तिसरा कोणाचाच नाही.

समजा दोन्ही संघ एकूण तुल्यबळ आहेत, पण आपल्या निवडीच्या मॅपवर जिंकण्याची प्रत्येकाची संभाव्यता ०.६५ आहे. (हा आकडा उदाहरणापुरता घेतला आहे.) तिसरा मॅप कधी लागेल?

दोघांनी आपापला मॅप जिंकला: ०.६५ × ०.६५ = ०.४२२५
दोघांनी एकमेकांचा मॅप जिंकला: ०.३५ × ०.३५ = ०.१२२५
बेरीज: ०.५४५

बघा, आता उत्तर निम्म्याच्या वर गेलं. आधीच्या हिशोबात निम्म्याची मर्यादा आली होती, कारण आपण सगळे मॅप सारखे धरले होते. गृहीतक बदललं की निष्कर्ष बदलतो. गणिताच्या तासाला ही गोष्ट सांगायची राहून जाते. सूत्र बरोबर असतं, पण ते कोणत्या अटींवर बरोबर आहे हे मुलांनी विचारायला हवं.

आता एक संघ जरा वरचढ घेऊ. आपल्या मॅपवर त्याची संभाव्यता ०.७५, दुसऱ्याच्या मॅपवर ०.५५. मग तीन मॅपची संभाव्यता ०.७५ × ०.४५ + ०.२५ × ०.५५ = ०.३३७५ + ०.१३७५ = ०.४७५. पुन्हा निम्म्याच्या आसपासच. कितीही बारकाईने हिशोब केला, तरी बहुतेक सामन्यांत उत्तर ४० ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन बसतं. बारकावे उपयोगी आहेत, पण ते आपल्याला 'पक्कं' पर्यंत कधीच नेत नाहीत.

खरे आकडे काय सांगतात?

आता प्रत्यक्ष नोंदी पाहू. काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मानाच्या स्पर्धांना 'मेजर' म्हणतात. पहिली मेजर नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वीडनमध्ये झाली. तिथपासून जून २०२५ च्या ऑस्टिन मेजरपर्यंत २२ अंतिम सामने झाले आणि ते सगळे 'बेस्ट ऑफ थ्री' होते. (त्यानंतरच्या बुडापेस्ट मेजरचा अंतिम सामना पाचपैकी तीनचा झाला, म्हणून तो या यादीत घेतलेला नाही.) प्रत्येक अंतिम सामना किती मॅपचा झाला, ते क्रमाने असं:

३, २, ३, ३, ३, २, २, २, २, ३, ३, ३, २, २, २, २, २, २, २, ३, ३, ३

ही यादी फळ्यावर लिहा आणि वारंवारता सारणी मुलांनाच करू द्या. दोन मॅपचे १२ सामने, तीन मॅपचे १०. तीनचं प्रमाण १०/२२, म्हणजे सुमारे ४५ टक्के. सरासरी ५४/२२, म्हणजे जवळपास २.४५ मॅप. जगातले सर्वोत्तम संघ, सर्वांत मोठा सामना, आणि तरी निकाल नाण्याच्या हिशोबाजवळच.

आता मुलांची नजर त्या सलग सात दोनांवर जाईलच. २०१८ ची लंडन, २०१९ च्या काटोवित्से आणि बर्लिन, २०२१ ची स्टॉकहोम, २०२२ च्या अँटवर्प आणि रिओ, २०२३ ची पॅरिस. (२०२० मध्ये कोविडमुळे मेजर झालीच नाही.) सातही अंतिम सामने २-० ने संपले. मी मुलांना विचारलं, "तुम्ही पॅरिसनंतर अंदाज करताय असं समजा. पुढचा अंतिम सामना किती मॅपचा होईल?"

वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, "सात वेळा दोन झाले, आता तीन होणारच, कधीतरी पालटणारच ना!" दुसरा म्हणे, "सध्या दोनचंच चाललंय, दोनच होणार." दोघांनी एकाच यादीतून उलट निष्कर्ष काढले आणि दोघंही ठाम! हे बघून मुलंच हसायला लागली.

प्रत्यक्षात मार्च २०२४ च्या कोपनहेगन मेजरमध्ये तीन मॅप झाले. पहिला तट ओरडला, "बघा!" पण त्यांच्याच तर्काने पुढे दोन यायला हवे होते. शांघायलाही तीन झाले आणि ऑस्टिनलाही तीनच. आधीच्या सामन्यात किती मॅप झाले, याची आठवण पुढच्या सामन्याला नसते. संघ वेगळे, शहर वेगळं, वर्ष वेगळं.

मग सलग सात दोन येणं हा चमत्कार नाही का? हा प्रश्न नाण्यावरच तपासा. साधं नाणं २२ वेळा उडवलं, तर कुठेतरी सलग सात किंवा त्याहून जास्त वेळा एकच बाजू येण्याची संभाव्यता सुमारे १३ टक्के असते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला २२ फेकी घरून करून आणायला सांगा. चार-पाच वह्यांत अशी ओळ सापडण्याची अपेक्षा आहे. आणि हो, दोन-तीन मुलांना गुपचूप सांगा, की नाणं न उडवता मनानेच यादी बनवा. मनाने बनवलेल्या यादीत सलग सात सहसा येत नाहीत, कारण माणसाला ते 'खोटं' वाटतं. मनाने लिहिलेली वही कोणती, हे ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो.

एक जागरूक विद्यार्थी इथे विचारेल (आमच्याकडे विचारलं), "बाई, पॅरिस आणि कोपनहेगनच्या मध्ये गेमच बदलला ना? त्यामुळे तीन झाले असतील." खरं आहे. पॅरिस ही जुन्या आवृत्तीची शेवटची मेजर आणि कोपनहेगन नव्या आवृत्तीची पहिली. पूर्वी एक मॅप जिंकायला १६ फेऱ्या लागत, आता १३. मॅप लहान झाला, की दुबळ्या संघाला तो मारून नेण्याची संधी थोडी वाढते, 'अ' निम्म्याकडे सरकतो आणि तीन मॅपची संभाव्यता जराशी वाढते. तर्क योग्य आहे. पण तीन सामन्यांवरून तो सिद्ध होत नाही. नाण्यावरही सलग तीन वेळा एकच बाजू सहज येते. योग्य तर्क आणि पुरेसा पुरावा, दोन्ही लागतात.

जास्त मॅप म्हणजे जास्त चुरस का?

स्टॉकहोम २०२१ चा अंतिम सामना नावी संघाने जी-टू विरुद्ध २-० ने जिंकला. आकड्यावरून एकतर्फी वाटतो. पण मॅप होते १६-११ आणि २२-१९. दुसरा मॅप जादा फेऱ्यांत गेला. एकूण ६८ फेऱ्या. कोपनहेगन २०२४ मध्ये नावीने फेझ संघाला २-१ ने हरवलं. मॅप होते १३-९, २-१३ आणि १३-३. तीन मॅप झाले, पण एकूण फेऱ्या ५३ आणि शेवटचे दोन्ही मॅप एकतर्फी. फेऱ्यांचा नियम मध्येच बदलल्यामुळे ६८ आणि ५३ ची थेट तुलना करता येत नाही, हे मुलांकडून वदवून घ्या. पण मुद्दा कळतो. 'किती मॅप' हा फक्त एक आकडा आहे. सामना कसा झाला, ते त्याच्या आत दडलेलं राहतं. परीक्षेच्या एकूण टक्क्यांबद्दलही आपण पालकांना हेच सांगत असतो, नाही का?

पाचपैकी तीन: वरच्या वर्गांसाठी

दहावी-अकरावीच्या मुलांना 'बेस्ट ऑफ फाइव्ह' सोडवायला द्या. तुल्यबळ संघांत तीन मॅपची संभाव्यता ०.२५, चारची ०.३७५ आणि पाचचीही ०.३७५ येते. 'अ' ०.७० घेतला, तर अनुक्रमे ०.३७००, ०.३६५४ आणि ०.२६४६. बेरीज १ येते का, हे तपासायची सवय लावा. चूक कुठे झाली ते बेरीजच सांगते. इथे आणखी एक मार्गही आहे: पाचवा मॅप लागतो तो पहिल्या चारांत २-२ झाले तर, म्हणून ६ × अ × अ × ब × ब. हा सहा कुठून आला, ते मुलांना शोधू द्या.

सगळ्या खेळांना हा हिशोब लागू नाही, हेही सांगा. आपल्याकडची मुलं खेळतात त्या बीजीएमआय किंवा फ्री फायरसारख्या प्रकारात अनेक संघ एकदम उतरतात आणि ठरलेल्या संख्येने सामने खेळून गुण मोजतात. तिथे 'दोन की तीन' हा प्रश्नच नाही. व्हॅलोरंटमध्ये मात्र तो आहे.

आता दोनशे रुपयांची गोष्ट

हिशोब शिकवून झाल्यावर मी पुन्हा त्या 'पक्कं'कडे आले. दोन गणितं घातली.

पहिलं गणित. समजा पैज घेणारा 'दोन मॅप' आणि 'तीन मॅप' या दोन्हींवर एका रुपयाला १ रुपया ८५ पैसे परत द्यायचं कबूल करतो. संभाव्यता निम्मी-निम्मी धरली, तर शंभर रुपयांमागे सरासरी परतावा किती? १८५ चे निम्मे, ९२ रुपये ५० पैसे. म्हणजे दर शंभराला सरासरी साडेसात रुपये गेले. असे वीस डाव खेळले, तर सरासरी दीडशे रुपये तोटा. एखाद्या दिवशी कोणी जिंकेलही, पण हिशोबाची चौकटच अशी आखली आहे, की पुरेसे डाव झाले की पैसे एका बाजूलाच वाहतात.

दुसरं गणित मुलांना जास्त लागलं. एका माणसाकडे १६०० जणांचे नंबर आहेत. तो ८०० जणांना पाठवतो 'आज तीन', उरलेल्या ८०० ना 'आज दोन'. निकाल काहीही लागो, ८०० जणांना बरोबर अंदाज मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याच ८०० मधल्या ४०० ना 'तीन', ४०० ना 'दोन'. मग ४००, मग २००, मग १००. चार दिवसांनी १०० जण असे उरतात, ज्यांना चारही दिवस अचूक अंदाज मिळाला. त्यांना वाटतं, हा माणूस देव आहे! आणि तो म्हणतो, 'पाचव्या अंदाजाचे दोनशे रुपये.' त्याला खेळातलं काही म्हणजे काही कळण्याची गरज नाही.

वर्ग एकदम शांत झाला. तो मुलगा नंतर येऊन म्हणाला, "बाई, आमचेही पहिले तीन बरोबर आले होते." त्या ग्रुपवर नेमकं हेच चाललं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण 'पहिले तीन बरोबर आले' हा पुरावा किती तकलादू आहे, ते त्याला स्वतःला कळलं होतं. मी काही उपदेश केला असता, तर एवढं घडलं नसतं.

पालकांसाठी एक माहिती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा नवा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या आर्थिक व्यवहारांवर बंदी आहे, तर ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली आहे. शिक्षेचा रोख असे खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे. म्हणून मूल येऊन काही सांगत असेल, तर आधी ऐकून घ्या. घाबरलेलं मूल गप्प बसतं आणि गप्प बसलेल्या मुलाचे दोनशेचे दोन हजार होतात. सामना पाहणं आणि त्यावर पैसे लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही घरात स्पष्ट बोला.

घरचा अभ्यास: अंदाजाची वही

शेवटी मुलांना एक प्रकल्प दिला. पैसे नाहीत, पैज नाही. कोणताही 'तीनपैकी दोन'चा खेळ घ्या: बॅडमिंटन, महिलांचं टेनिस, किंवा हेच मॅप. सामन्याआधी वहीत लिहा, 'तिसरा गेम होण्याची संभाव्यता माझ्या मते इतकी.' 'होईल' किंवा 'नाही होणार' असं लिहायचं नाही, आकडाच लिहायचा. निकालानंतर तिसरा झाला तर १, नाही झाला तर ० धरा. आपला आकडा आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करा.

उदाहरणार्थ, ०.६ लिहिलं आणि तिसरा गेम झाला, तर फरक ०.४ आणि वर्ग ०.१६. नाही झाला, तर फरक ०.६ आणि वर्ग ०.३६. महिनाभराची सरासरी काढा. जितकी कमी तितका अंदाज चांगला. ही पद्धत ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी मांडली होती.

यातली मेख अशी. जो दर वेळी डोळे मिटून ०.५ लिहितो, त्याची सरासरी नेहमी ०.२५ येते. म्हणजे तुमची सरासरी ०.२५ पेक्षा जास्त आली, तर तुम्ही काहीच विचार केला नसता तरी चाललं असतं! आणि जो 'शंभर टक्के' म्हणून १ लिहितो, त्याला एक चूक पूर्ण १ गुणाने भोवते. वीस सामन्यांत फक्त पाच चुका केल्या, तरी त्याची सरासरी ०.२५ होते. डोळे मिटून बसणाऱ्याइतकीच.

आमच्या त्या विद्यार्थ्याने महिन्याभराने वही दाखवली. सरासरी ०.२४ आली होती. "बाई, एवढा अभ्यास करून नाण्याला जेमतेम हरवलं," तो जरा हिरमुसून म्हणाला. मी म्हटलं, "अरे, प्रामाणिकपणे नोंद ठेवलीस म्हणून तुला हे कळलं तरी. त्या ग्रुपवाल्याला त्याची वही मागून बघ." त्याने खरंच मागितली. त्याला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. दोनशे रुपये काही परत मिळाले नाहीत.

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून पाहा. नाण्याच्या प्रयोगाला एक तास आणि यादीच्या चर्चेला एक तास पुरतो. वही महिनाभर चालू द्या. मुलांनी काय वेगळे प्रश्न विचारले, ते जरूर कळवा. त्या प्रश्नांतूनच पुढचा पाठ तयार होतो.